पाणी भरायचा सण आणि काचेची टाकी

रामनगरच्या बाजारात मी दुकान उघडलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते हातात पिशवी घेऊनच. पाटीवर मासा काढलेला होता, एवढंच त्या बाईनं पाहिलं होतं. आत डोकावून तिनं विचारलं, "बांगडं ताजं हायत काय गे?" मी काचेच्या टाक्यांकडे बोट दाखवलं. तिनं वाकून गप्पी पाहिले, मॉली पाहिले, गोल्डफिशला जरा जास्त वेळ पाहिलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "ह्येच्यात कालवण तरी किती हुईल?"

तेव्हापासून मी ह्या तालुक्यात 'मासेआक्का' झाले. आधी माझं वह्या-पेनांचं दुकान होतं. शाळकरी पोरं थांबावीत म्हणून कोपऱ्यात एक बरणी ठेवून त्यात चार मासे सोडले, आणि वर्षभरात वह्यांपेक्षा मासेच जास्त खपायला लागले. घरचे म्हणाले, हिला वेड लागलंय. लागलं होतं खरं, आणि अजून उतरलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा धंदा म्हणजे पिशवीत पाणी भरायचं, मासा सोडायचा आणि रबर लावायचं. खरा धंदा त्यानंतर सुरू होतो. आठवड्याभरात फोन येतो, "आक्का, तुमचा मासा वर येऊन तोंड मारायलाय." जगत असतो तोवर मासा त्यांचा असतो, मरायला लागला की लगेच 'तुमचा' होतो. ह्यावर रागावून उपयोग नसतो. बादली उचलायची आणि निघायचं. डॉक्टर गळ्यात नळी अडकवून जातात, मी बादलीत नळी घालून जाते, एवढाच काय तो फरक.

बादलीत माझा सगळा दवाखाना मावतो. पाणी उपसायची नळी, पाण्याचा ताप बघायची काचकांडी, पाणी तपासायच्या औषधांच्या बाटल्या, कोळशाची पुरचुंडी आणि जुनी सलाईनची नळी. औषधं फारशी नसतात. मासा आजारी दिसला तरी नव्वद टक्के वेळा आजारी पडलेलं असतं ते पाणी, हे मला ठेचा खाऊन कळलेलं आहे.

त्याचं असं आहे. मासा त्याच पाण्यात जेवतो, त्याच पाण्यात घाण करतो आणि त्याच पाण्यातून श्वास घेतो. त्या घाणीचा अमोनिया होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले भाजून काढतो. टाकीतल्या वाळूत, गोट्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात काही चांगले जंतू वाढतात, ते ह्या विषाला पचवतात. मी लोकांना सांगते, ते तुमच्या टाकीचं विरजण आहे. सगळं दही काढून भांडं घासून लख्ख केलंत, तर उद्याचं दही कशावर लावणार? मान डोलावतात. मग सण येतो. भिंती रंगवल्या जातात, माळे उपसले जातात, आणि त्याच झपाट्यात टाकी अंगणात नेऊन स्पंज साबणानं धुतला जातो. टाकी आरशासारखी चमकते आणि मासे आडवे होतात. दर गणपतीच्या चवथीनंतर आणि दर दिवाळीनंतर माझा फोन वाजत राहतो, तो असा.

कॅसलरॉकला एक रेल्वेतून निवृत्त झालेले मामा होते. त्यांची टाकी मात्र कधीच कुणी धुवत नसे, तरी पाणी सारखं ताकासारखं पांढरं व्हायचं. मी तीनदा जाऊन पाणी बदललं. चौथ्यांदा गेले, तेव्हा आम्ही चहा पीत बसलो होतो. बाहेर शिटी झाली. मामा बोलता बोलता उठले, चिमूटभर खाद्य टाकीत टाकलं आणि परत येऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा शिटी, पुन्हा चिमूट. मी म्हटलं, "मामा, हे काय?"

"गाडी आली न्हवं?" ते म्हणाले. "गाडीला हजर ऱ्हायची सवय हाय. आता बावटा न्हाई हातात, म्हणून माशास्नी खायाला घालतो."

त्या मार्गावर मालगाड्या किती, हे तिथल्या माणसाला विचारा. दिवसरात्र मासे जेवत होते आणि न खाल्लेलं खाली कुजत होतं. अशा माणसाला, खायला नका घालू, असं सांगणं जिवावर आलं, कारण घरात त्यांचं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मामा, फक्त पॅसेंजरला खाऊ घालायचा. मालगाडीला न्हाई." हे त्यांना लगेच पटलं. रेल्वेतल्या माणसाला नियम दिला की तो पाळतोच. पुढच्या खेपेला पाणी काचेसारखं होतं आणि मामा सांगत होते, "मालगाडी आली की बी वर येतेत बघ. मी हात आडवा करतो. जातेत माघारी."

अशी माणसं भेटली म्हणून हा धंदा सोडवत नाही. सगळेच किस्से असे गोड संपले नाहीत. काही टाक्यांत मासे का मेले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ती गिऱ्हाइकं अजून बाजारात भेटली की मीच नजर चुकवते. पण ह्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मनात पहिल्यांदा आली ती बाजारकुणंग गावाकडची एक टाकी. त्या टाकीत माशांबरोबर एक संसारही होता.

अश्विनी बेळगावची. तिच्या वडिलांच्या घरी गच्चीवर टाक्या होत्या. तिथं तिनं एंजल माशांची एक जोडी अंड्यापासून वाढवली होती. एंजल म्हणजे ताटलीसारखा चपटा, लांब पंखांचा, चालीत जरा तोरा असलेला मासा. लग्न ठरलं ते बाजारकुणंगजवळच्या महेशशी. महेश गोव्यात एका कारखान्यात कामाला, सुट्टीला घरी येणारा. घरी त्याची आई लक्ष्मीआक्का, दोन म्हशी, भाताची खाचरं आणि मागच्या डोंगरातून नळीनं आणलेलं झऱ्याचं पाणी. अश्विनी लग्नाच्या गाडीतून आली ती मांडीवर झाकणाची बादली घेऊन. बादलीत ती जोडी. वऱ्हाडातल्या बायकांना पुढे कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. लक्ष्मीआक्का म्हणाली म्हणे, "रुखवतात मासं आलं बाई आमच्यात."

टाकी मीच बसवून दिली होती. लक्ष्मीआक्का तेव्हा दारात उभी राहून बघत होती. ती बोलली ते एवढंच, "येवढं पाणी आमची म्हस दोन खेपंत पितीया." अश्विनी खाली बघून हसली होती. सासूसुनेत भांडण नव्हतं, पण बोलणंही कामापुरतंच होतं. एकीला टाकीत जीव रमवायचा होता आणि दुसरीला घरात पाण्याचं असलं खेळणं कशाला ते कळत नव्हतं. पहिली दिवाळी अश्विनीनं माहेरी केली. दुसरी सासरी, म्हणजे त्या घरातली तिची पहिलीच.

भाऊबीज झाल्यावर तिचा फोन आला. आवाज दाबलेला होता.

"आक्का, मासं मरायलेत. आज या. आणि मी बोलावलं म्हणून मामीस्नी सांगू नका."

मामी म्हणजे सासू, आमच्याकडे तशी हाक मारतात. मी स्कूटरला बादली अडकवली आणि निघाले. मनात धरूनच चालले होते, की ह्यांनी दिवाळीला स्पंज धुतला असणार.

स्पंज धुतला नव्हता. अश्विनीला ते सगळं माझ्याइतकंच कळत होतं. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. पण त्यात जे मासे होते त्यांच्याकडे बघवत नव्हतं. छोटे निळे निऑन बहुतेक गेलेच होते. एंजलची जोडी पाण्याच्या वरच्या थरात तिरकी लटकलेली, पंख मिटलेले, कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करत होते. मध्येच एकदा नर झटका बसल्यासारखा उसळायचा आणि गोट्याला अंग घासायचा. तळाशी गोगलगायी होत्या, त्या सगळ्याच्या सगळ्या शंखाबाहेर लोंबत मेलेल्या.

मी बाटल्या काढल्या आणि पाणी तपासलं. अमोनिया नव्हता. माझ्या बाटल्यांना कळेल असं दुसरंही विष नव्हतं. ह्या डोंगरातलं पाणी मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, किंचित आंबट असतं, तेवढं ते होतं. एंजलला ते चालतं, उलट आवडतंच. मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. डास मारायची फवारणी? न्हाई. भिंतीला रंग? न्हाई. फटाक्यांचा धूर? "आक्का, आमच्यात फुलबाजीच्या वर कोण जात न्हाई." फिनेल? साबणाचा हात? न्हाई, न्हाई.

माझे प्रश्न संपले. मी बाटल्या बादलीत ठेवायला लागले, तशी अश्विनी जवळ सरकली.

"मामी घालतेत कायतरी," ती म्हणाली.

"काय बोलतीस?"

"मी डोळ्यानं बगितलंय. पहाटं उठून तांब्यातनं टाकीत ओतत हुत्या. मी आल्याली बघून तांब्या पदराआड केला. लपवायसारखं नसतं तर लपवला कशाला?"

"इचारलंस काय?"

"काय इचारू? पाडव्यापासनं आमी बोललोच न्हाई." तिनं दाराकडे बघितलं. दारामागे एक बॅग भरून ठेवलेली होती. "भाऊबीजेला सुदिक गेलो न्हाई मी. मागं माशांचं काय हुईल म्हणून. आता ही जोडी गेली की मी जाणार हाय, आक्का. महेश पाडवा करून कामावर गेलाय, त्याला फोनवर सांगितलंय. जिथं माझ्या माशास्नी इख घालतेत तिथं मी ऱ्हाणार न्हाई."

माझ्या धंद्यात मी पुष्कळ घरं बघितली आहेत. मासे मेले म्हणून रडलेली पोरं बघितली, चिडलेले बाप बघितले. पण मासे वाचले तर घर वाचेल आणि मेले तर मोडेल, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला कारण सापडायचीच भीती वाटायला लागली. तांब्यात खरंच काही निघालं तर? लक्ष्मीआक्का तोंडानं फटकळ होती, पण माशाच्या जिवावर उठेल अशी वाटत नव्हती. आता वाटण्यावर काय जायचं? मलाही त्या जोडीचा लळा होताच.

तेवढ्यात लक्ष्मीआक्का गोठ्याकडून आली. मला बघून दचकली, पण लगेच सावरली.

"कवा आलासा, मासेआक्का? आन अशाच बसल्यात व्हय? पाणी तरी दिलंन का हिनं?"

आमच्याकडे आल्यागेल्याला आधी गूळ-पाणी. दुष्मन दारात आला तरी ते चुकत नाही. ती आत गेली आणि गुळाचा खडा न् पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली. दारातून मला आतला तांब्याचा हंडा दिसत होता. काय झळकत होता तो! नुकताच सोनाराकडून आणल्यासारखा. मी गूळ तोंडात टाकला आणि वर पाण्याचा मोठा घोट घेतला.

गूळ विरघळल्यावर जिभेवर एक चव राहिली. कडवट नाही, तुरट नाही. नाणं चाटल्यासारखी.

ही चव मला पाठ आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, त्यावर आमच्याकडे एक निळं औषध असतं. त्यात तांबं असतं. ते थेंब थेंब मोजून घालायचं, कारण जरा जास्त झालं की ठिपक्यांआधी मासाच जातो. ज्या टाकीत गोगलगायी आहेत, तिथं तर ते घालायचंच नाही. तांब्यानं सगळ्यात आधी मरतात त्या गोगलगायी. आणि मी मघापासून त्या तळाशी मेलेल्या गोगलगायींकडे बघत बसले होते.

मी पेला खाली ठेवला. मला गप्प बसणं सोपं होतं. पाणी बिघडलंय म्हणायचं, बदलून द्यायचं आणि घरी जायचं. पण मग दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तांब्या आलाच असता. बोलायचं तर सुनेच्या देखत सासूचं नाव घ्यायचं. तरी मी विचारलंच.

"लक्ष्मीआक्का, हंडा झकास घासलाय. कवा घासला?"

"पाणी भरायच्या दिशी." तिचा चेहरा जरा खुलला. "भिरंडाची सोलं लावून घासलाय. चिचंनं येवढा निघत न्हाई."

भिरंड म्हणजे कोकम, आणि पाणी भरायचा दिवस म्हणजे नरक चतुर्दशीची आदली संध्याकाळ. आमचे कानडी शेजारी त्याला 'नीर तुंबो हब्ब' म्हणतात. न्हाणीतला पाणी तापवायचा भाण, कळश्या, घागरी, सगळं घासून त्यात नवं पाणी भरायचं आणि पहाटे त्या पाण्यानं तेल लावून न्हायचं. बेळगावच्या फ्लॅटात बादलीवर हळदीची रेघ ओढली की तो सण होतो. खेड्यात अजून सगळं साग्रसंगीत असतं.

"ह्या हंड्यातलं पाणी टाकीत घातलासा काय?" मी विचारलं.

लक्ष्मीआक्कानं आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, नाही म्हणणार. पण ती बोलायला लागली आणि मग थांबेचना.

"घातलं. न्हाई कशाला म्हणू? पाणी भरायच्या दिशी घरात एक बी भांडं जुन्या पाण्याचं ठेवायचं नसतंय. म्या भाण भरला, घागरी भरल्या, कुत्र्याची थाळी सुदिक धुऊन भरली. मग हिचीच टाकी तेवढी सोडू काय? त्ये काय परक्याचं भांडं हाय? घरचंच न्हवं? ही महेशला आणाय ठेसनावर गेलती. म्हटलं, येऊस्तोवर भरून ठेवावं. निम्मं पाणी उपसलं आन हळदकुकू लावलेल्या हंड्यातलं, देवाफुडचं पाणी घातलं. हिला बरं वाटंल म्हटलं."

"मग सांगितलं का न्हाई?" अश्विनीनं विचारलं.

"कवा सांगू? दुसऱ्या दिशी मासं सुस्तावलं. तू माझ्याकडं बघशीनास. म्हटलं, त्यास्नी आदलं शिळं पाणी बाधलं आसंल. म्हणून रोज पहाटं थोडं थोडं चांगलं पाणी घालत हुतो. देवाच्या पाण्यानं उठतील म्हटलं." तिनं टाकीकडे बघितलं. "उठलं न्हाईत."

मी आता सांगितलं नसतं, तर तिथल्या माशांनी सांगितलं असतं. जितकं हळू बोलता आलं तितकं हळू मी सांगितलं. तांब्यातलं पाणी माणसाला बरं, हे खरंच आहे. जुन्या हंड्याला आतून काळपट थर येतो, तो तांब्याला धरून ठेवतो. सोलांनी घासल्यावर तो थर गेला, कोरं तांबं उघडं पडलं, आणि आपलं झऱ्याचं मऊ, आंबट पाणी तांबं चटकन ओढून घेतं. माणूस ते दोन पेले पितो, पचवतो. मासा चोवीस तास त्यातूनच श्वास घेतो. त्याचे कल्ले सोलून निघतात.

"म्हंजे म्याच मारलं," लक्ष्मीआक्का म्हणाली आणि खांबाला टेकून खाली बसली.

मला त्या क्षणी माझ्या ज्ञानाचा, बाटल्यांचा, सगळ्याचा राग आला. आयुष्यात बाईनं एकदा सुनेच्या वस्तूला आपलं म्हटलं, आणि त्याचं हे फळ तिच्या पदरात टाकायला मीच सापडले.

पण रागानं मासे वाचत नाहीत. मी उठले. कोळशाची पुरचुंडी फिल्टरमध्ये टाकली, कारण तो कोळसा पाण्यातलं तांबं बरंचसं धरून ठेवतो. टाकीतलं पाणी एकदम बदलून चालत नाही. अशक्त माशाला तो दुसरा झटका बसतो. थोडं काढायचं, थोडं नवं घालायचं, तेही सलाईनच्या नळीनं, ठिबकत. आणि नवं पाणी थेट डोंगराच्या नळीवरून, प्लास्टिकच्या घागरीत. त्याला हंड्याचा, भाणाचा स्पर्श नको.

अश्विनीनं घागर घेतली आणि मागच्या दाराकडे गेली. तिथून एकदम वळली. लक्ष्मीआक्का खांबापाशीच होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

"मामी, धरा की ही घागर. भरल्याली मला एकटीला उचलत न्हाई."

"नको बाय. माझा हात नको आता त्येला."

"आक्कांनी हंडा नको म्हटलंय," अश्विनी म्हणाली. "हात पायजे."

लक्ष्मीआक्कानं पदरातून हात सोडवले. मग पदर खोचून उठली. मी नळीच्या चिमटीकडे बघत बसले, कारण डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

दुपार अशीच गेली. दोघी मिळून घागर आणायच्या, मी ठिबक लावायचे. अश्विनीनं सासूला पाण्याचा ताप हातानं कसा बघायचा ते शिकवलं. लक्ष्मीआक्कानं एकदा बोट बुडवून सांगितलं, "ह्ये जरा गार हाय, उनात ठेव घटकाभर," आणि काचकांडीत पाहिलं तर ते बरोबर होतं. मध्ये कधीतरी जेवण झालं. मी निघाले तेव्हा मासे तिरकेच होते. मी कसलंही वचन दिलं नाही. ह्या धंद्यात आशा ठेवायची असते, वचन द्यायचं नसतं. दारामागची बॅग तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही, भीतीनं. तिसऱ्या दिवशी तिकडूनच आला. फोनवर लक्ष्मीआक्का होती आणि कानठळ्या बसतील अशी ओरडत होती, "मासेआक्का! खाल्लं बगा! बाईनं खाल्लं, बाप्यानं बी खाल्लं! पंख बगा कसं सोडलंय!" मागून अश्विनी सांगत होती, "मामी, फोनमधनं त्यास्नी दिसत न्हाई." निऑन आणि गोगलगायी गेल्याच, त्यांची हळहळ आजही वाटते. पण जोडी वाचली. मी दुकानातच बसून दोन्ही हात जोडले. कुणाला, ते विचारू नका. कोळशाला असेल, झऱ्याला असेल, त्या गूळ-पाण्याला असेल. तो पेला पुढे आला नसता तर मी कारण शोधत बसले असते आणि तोवर सगळं संपलं असतं.

त्या आठवड्यात अश्विनीनं मला पुन्हा बोलावलं. गेले तर बॅग दारामागून ओट्यावर आली होती.

"जाणार हायस व्हय?" मी विचारलं.

"जाणार हाय की, भाऊबीज राहिलीया न्हवं. दोन दिवस टाकीकडं तुमी बगाल काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामीस्नी घेऊन जातोय, आक्का. परवा पाणी भरताना सहज इचारलं, तुमी भाऊबीजेला कधी जात न्हाई काय? तर म्हणल्या, माझं म्हायेर सुप्याच्या धरणात गेलं. घर गेलं, शेत गेलं. एक भाऊ हुता, त्यो बी गेला. मला येवढं दिवस म्हाईतच न्हवतं. मी कधी इचारलंच न्हाई. भावाला फोन केला, तर त्यो म्हणला, दोघी बी या, दोघींनी ओवाळा."

आत लक्ष्मीआक्का नवं लुगडं नेसून तयार होती, पण निघायला मन धजत नव्हतं. म्हशीला कोण बघणार, शेजारी वैरण टाकतील ना, माशांना दोन दिवस खायला किती घालायचं, एक का दोन चिमटी. मी म्हटलं, "दोन दिवस काय बी घातलं न्हाई तरी मरत न्हाईत. तुमी जावा." मी दोघींना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

बेळगावला जाणारी बस आली. अश्विनी पुढे चढली आणि हात देऊन सासूला वर घेतलं. हल्ली आमच्याकडच्या सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, पण कुठं जायचं ते कंडक्टरला सांगावं लागतं. तो मशीन घेऊन लक्ष्मीआक्काच्या सीटपाशी आला. खिडकीतून मला त्याचं कानडी ऐकू आलं, "अज्जी, यल्लिगे?"

अश्विनी सांगणारच होती. लक्ष्मीआक्कानं तिच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हायेराला."